एका गाठीचे दोन रिपोर्ट, दोन नावं: आता विश्वास कुणावर ठेवायचा?

एका ताईंनी पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. बाबांचं वय ५६. चार-पाच महिने लघवीतून अधूनमधून रक्त जात होतं, दुखत काहीच नव्हतं. सुरुवातीला संसर्ग समजून गोळ्यांचे कोर्स झाले. मग सोनोग्राफीत लघवीच्या पिशवीच्या वरच्या टोकाला गाठ दिसली आणि दुर्बिणीतून ती खरवडून तपासणीला पाठवली. पहिल्या लॅबनं लिहिलं 'अडेनोकार्सिनोमा'. घरच्यांनी दुसऱ्या लॅबला दाखवलं, तिथून उत्तर आलं 'युरोथेलियल कार्सिनोमा, ग्रंथीसारख्या बदलांसह'. आता कर्करोगतज्ज्ञ म्हणतात, आधी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, करून घ्या. ताई विचारतात: दोघांपैकी एक जण चुकलाच आहे ना? गाठ पिशवीत असताना आतडं कशाला तपासायचं? की हे सगळं पैशांसाठी चाललंय? आणि शेवटी जाता जाता एक ओळ आहे, काकांना ४४व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला होता.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. माझा बराचसा दिवस मूत्रमार्गाच्या आणि प्रोस्टेटच्या स्लाइड बघण्यात जातो. तुमच्या बाबांच्या स्लाइड मी पाहिलेल्या नाहीत, म्हणून कोणता रिपोर्ट बरोबर हे मी सांगणार नाही आणि स्लाइड न बघता कुणी सांगत असेल तर त्यावरही विसंबू नका. पण अशा केसमध्ये आम्ही विचार कसा करतो ते सांगते. त्यावरून पुढच्या आठवड्यात काय करायचं हे तुम्हाला ठरवता येईल.

मूत्राशयाला आतून जे अस्तर असतं, त्याच्या पेशींपासून होणारा तो युरोथेलियल कार्सिनोमा. मूत्राशयाचे दहातले नऊ कर्करोग याच जातीचे. शुद्ध अडेनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथी तयार करणारा कर्करोग, मूत्राशयात जेमतेम शेकडा दोनच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. त्यामुळे पिशवीतल्या तुकड्यात ग्रंथी दिसल्या की आमच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा: ही गाठ इथलीच आहे, की शेजारून आली आहे? शेजारी कोण, तर खाली प्रोस्टेट, मागे मोठं आतडं, बायकांमध्ये गर्भाशय. या सगळ्यांचे कर्करोग ग्रंथी तयार करतात आणि पिशवीच्या भिंतीत शिरू शकतात. त्यातही मूत्राशयात उगवलेला आतड्याच्या धाटणीचा अडेनोकार्सिनोमा आणि खुद्द आतड्याचा अडेनोकार्सिनोमा सूक्ष्मदर्शकाखाली इतके सारखे दिसतात की नुसत्या नजरेनं ते वेगळे सांगता येत नाहीत. मलाही नाही आणि माझ्यापेक्षा अनुभवी माणसालाही नाही. कोलोनोस्कोपी सांगणारे डॉक्टर तुमची फसवणूक करत नाहीयेत. ते नसते थांबले तर मला काळजी वाटली असती.

आता दोन रिपोर्ट वेगळे का आले असतील? दुर्बिणीतून गाठ काढतात तेव्हा ती अखंड निघत नाही, छोट्या-छोट्या चकत्यांमध्ये निघते. लॅबमध्ये त्या चकत्या वाटून मेणाच्या अनेक ब्लॉकमध्ये बसवल्या जातात आणि प्रत्येक ब्लॉकमधून पातळ काप काढून स्लाइड बनते. दुसरं मत घ्यायला निघालेले नातेवाईक पुष्कळदा एखादा ब्लॉक आणि दोन स्लाइड घेऊन येतात, कारण लॅबनं तेवढंच दिलेलं असतं. मग पहिल्या डॉक्टरनं आठ ब्लॉक पाहिलेले असतात आणि दुसऱ्यानं एक. इथे नियम असा आहे की कर्करोग संपूर्णपणे ग्रंथींचा असेल तरच त्याला मूत्राशयाचा अडेनोकार्सिनोमा म्हणायचं. कुठेतरी एका कोपऱ्यात जरी युरोथेलियल कर्करोगाचा भाग सापडला, तरी नाव बदलून 'युरोथेलियल, ग्रंथीसारख्या बदलांसह' असं होतं. म्हणजे तो कोपरा ज्या ब्लॉकमध्ये आहे तो ज्यानं पाहिला त्याचं उत्तर वेगळं, ज्यानं पाहिला नाही त्याचं वेगळं. आणखी एक गंमत नसलेली अडचण म्हणजे विजेच्या तारेनं गाठ कापताना कडा भाजतात, आणि भाजलेल्या पेशी वाचणं कठीण होतं. दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी प्रामाणिक आणि सक्षम असूनही दोन नावं येऊ शकतात.

म्हणून पहिलं काम. मूळ लॅबला लेखी विचारा की एकूण किती ब्लॉक आहेत आणि दुसऱ्या लॅबला त्यातले कोणते गेले होते. मग सगळे ब्लॉक, सगळ्या स्लाइड, दोन्ही रिपोर्ट, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची टिपणं आणि सीटी स्कॅनची सीडी असं सगळं एकत्र घेऊन, जिथे मूत्रमार्गाच्या गाठी नेहमी बघितल्या जातात अशा एकाच ठिकाणी फेरतपासणी करा. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलमध्ये बाहेरच्या ब्लॉकची फेरतपासणी नियमित होते. देशभरातल्या कर्करोग रुग्णालयांचं जे नॅशनल कॅन्सर ग्रिड आहे, त्यातलं तुमच्या जवळचं केंद्रही चालेल. चार लॅब फिरू नका. प्रत्येक ठिकाणी ब्लॉकमधून आणखी काप निघतात आणि दुर्बिणीतून काढलेला ऊतक मुळात थोडा असतो. जी महत्त्वाची चाचणी करायची, तिच्या वेळेला ब्लॉकमध्ये काही उरलेलंच नाही, हे मी पाहिलं आहे. आणि अगदी साधी गोष्ट: ब्लॉक मेणाचे असतात. मे महिन्यात विदर्भातून किंवा सोलापूरकडून गाडीनं येणार असाल तर ते डॅशबोर्डवर ठेवू नका, सावलीत, डबीत ठेवा.

फेरतपासणीत 'आयएचसी' नावाची तपासणी होईल. पेशींमधली ठरावीक प्रथिनं रंगवून दाखवायची, अशी ती पद्धत. गाटा३ रंगला तर कल युरोथेलियलकडे, पीएसए किंवा एनकेएक्स३.१ रंगलं तर प्रोस्टेटकडे. इथपर्यंत सोपं आहे. पण सीके२० आणि सीडीएक्स२ ही दोन, ज्यांना लोक 'आतड्याचे मार्कर' म्हणतात, ती मूत्राशयाच्या अडेनोकार्सिनोमातही रंगतात. बीटा-कॅटेनिन पेशीच्या केंद्रकात दिसलं तर पारडं आतड्याकडे झुकतं, तरी निकाल तेवढ्यावर लागत नाही. रिपोर्टमध्ये 'सीडीएक्स२ पॉझिटिव्ह' वाचून इंटरनेटवर शोधलंत तर तुम्हाला वाटेल की आतड्याचाच कर्करोग ठरला. तसं नाही. हे रंग पुरावा म्हणून उपयोगी आहेत, पण गाठीचं घर कोणतं हे ठरवायला जागा आणि बाकीचं शरीर बघावंच लागतं.

आणि इथे मी तुमच्या प्रश्नातल्या ज्या शब्दांवर थांबले ते म्हणजे 'वरच्या टोकाला'.

गर्भात असताना मूत्राशय आणि बेंबी यांना जोडणारी एक नळी असते, तिला युरेकस म्हणतात. जन्माच्या सुमारास ती बुजते आणि पोटाच्या भिंतीच्या आतल्या बाजूनं, पिशवीच्या टोकापासून बेंबीपर्यंत एक दोर म्हणून उरते. काही जणांमध्ये त्या दोरात पेशींचे अवशेष राहतात आणि क्वचित त्यातून कर्करोग उगवतो. हा मूत्राशयाच्या कर्करोगांत शंभरात एकही नाही इतका विरळा. बहुतेक वेळा तो अडेनोकार्सिनोमाच असतो, त्यातही चिकट द्रव तयार करणारा, आणि तो सापडतो तो पिशवीच्या टोकाला किंवा पुढच्या भिंतीत.

त्याची वागणूक वेगळी असते. साधा मूत्राशयाचा कर्करोग अस्तरात सुरू होतो आणि खाली भिंतीत उतरतो. युरेकसचा बाहेरच्या बाजूनं, भिंतीच्या स्नायूत सुरू होतो आणि मग आत डोकावतो. दुर्बिणीतून दिसतं ते फक्त डोकावलेलं टोक. त्यामुळे लघवीच्या पेशींची तपासणी स्वच्छ येऊ शकते आणि खरवडलेल्या चकत्यांत गाठीचा छोटासाच भाग येतो. सीटी स्कॅनमध्ये मात्र चित्र बोलकं असतं: पिशवीच्या टोकापासून बेंबीच्या दिशेनं गेलेली, मध्यरेषेतली गाठ आणि तिच्यात कॅल्शियमचे ठिपके. म्हणून रेडिऑलॉजिस्टना स्पष्ट विचारा, 'गाठीचा मुख्य भाग भिंतीच्या आत आहे की बाहेर? ठिपके आहेत का? बेंबीकडे जाणारा दोर जाड दिसतो का?' दुर्बीण केलेल्या सर्जननाही विचारा की गाठीभोवतीचं अस्तर निरोगी होतं का. माझ्याकडे येणाऱ्या अर्जावर नुसतं 'ब्लॅडर ट्यूमर' एवढंच लिहिलेलं असतं तेव्हा मी सर्जनना फोन करते, कारण गाठ टोकाला होती की तळाला, यावर मी काय लिहिते ते अवलंबून असतं.

बाबांनाही एक गोष्ट विचारा. लघवीतून कधी शेंबडासारखं, बुळबुळीत काही गेलं का? पुरुष ही गोष्ट आपणहून सांगत नाहीत आणि डॉक्टर विचारायचे राहतात. गेलं असेल तर तो मोठा दुवा आहे, पण गेलं नसेल म्हणून युरेकसचा कर्करोग नाही असं होत नाही.

तरीही जागा, स्कॅन आणि स्लाइड तिन्ही युरेकसकडे बोट दाखवत असली तरी एक अट उरतेच: दुसरीकडे कुठे मूळ गाठ नाही हे दाखवावं लागतं. मोठं आतडं पोटात लोंबतं, त्याचा एक भाग पिशवीच्या टोकावर टेकलेला असतो आणि तिथली गाठ थेट पिशवीत उतरू शकते. आतडं दुर्बिणीतून बघितल्याशिवाय ही शक्यता बाजूला सारता येत नाही. म्हणून कोलोनोस्कोपी.

आणि तुमच्याबाबतीत तिचं कारण दुहेरी आहे, कारण काका. सख्ख्या भावाला ४४व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कर्करोग, ही ओळ तुम्ही शेवटी लिहिलीत, मी ती सगळ्यात आधी विचारली असती. लिंच सिंड्रोम नावाची एक आनुवंशिक अवस्था आहे. त्यात आतडं, गर्भाशय आणि मूत्रमार्गाचा वरचा भाग, म्हणजे मूत्रपिंडाचा लघवी गोळा होणारा भाग आणि त्याखालची नळी, या ठिकाणी कर्करोगाचा धोका वाढतो. घरात आत्या, आजी, चुलत भावंडं यांच्यात असं काही झालंय का, विशेषतः पन्नाशीच्या आत, हे कागदावर लिहून काढा आणि डॉक्टरांना द्या. फेरतपासणीत एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२ या चार प्रथिनांची तपासणीही मागा. त्यातलं एखादं हरवलेलं निघालं तर पुढे रक्ताची जनुकीय चाचणी होते. त्याचा उपयोग बाबांच्या औषधांसाठी आहे, कारण अशा गाठींना इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला गाठीविरुद्ध कामाला लावणारी औषधं, चांगली लागू पडू शकते. आणि तो तुमच्यासाठी, तुमच्या भावंडांसाठी आणि काकांच्या मुलांसाठीही आहे. बाबांमध्ये तो दोष सापडला, तर तो तुमच्यात येण्याची शक्यता निम्मी असते आणि कळलं तर तुमची तपासणी वेळेत सुरू करता येते.

इथवर जे झालं ते असं: सगळे ब्लॉक एका ठिकाणी, त्यावर मोजके रंग, सीटीची नव्यानं तपासणी, कोलोनोस्कोपी, प्रोस्टेटसाठी रक्तातलं पीएसए आणि गरज वाटली तर एमआरआय. या सगळ्यांनंतरच गाठीला नाव.

नावावर एवढा खल का, हे तुम्हाला पटणं गरजेचं आहे, कारण बाबा विचारतीलच की 'कर्करोग तो कर्करोग, काढून टाका आणि मोकळं करा'. युरेकसचा, पसरलेला नसलेला कर्करोग असेल तर पिशवीचं टोक, तो दोर आणि बेंबी असं एकसंध काढतात, आणि बाकीची पिशवी बहुतेकदा वाचते. स्नायूत शिरलेला युरोथेलियल असेल तर साधारणपणे आधी किमो आणि मग पूर्ण मूत्राशय काढणं, किंवा निवडक रुग्णांत किमो आणि रेडिएशन एकत्र. पूर्ण पिशवी काढली की लघवीसाठी पोटावर पिशवी लावावी लागते किंवा आतड्याची नवी पिशवी बनवावी लागते. आणि मूळ आतड्यात असेल तर उपचारांचा केंद्रबिंदूच आतड्याकडे सरकतो. एकाच गाठीच्या तीन नावांतून तीन वेगळी आयुष्यं निघतात. औषधंही बदलतात: पसरलेल्या युरेकसच्या कर्करोगात मूत्राशयाच्या नेहमीच्या किमोऐवजी आतड्याच्या कर्करोगासारखी, फ्लोरोयुरॅसिलची औषधं अनेकदा वापरली जातात.

विरळ गाठींच्या बाबतीत हे सगळीकडे असंच आहे. तुमच्या बाबांशी संबंध नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल म्हणून दोन-तीन सांगते. 'स्मॉल सेल' जातीचा कर्करोग मूत्राशयात सापडला तर गाठ लहान दिसली तरी आधी किमो द्यायचा असतो, कारण तो लवकर पसरतो. मूत्राशयात वर्षानुवर्षं खडा किंवा लघवीची नळी असलेल्या माणसात स्क्वेमस, म्हणजे सपाट पेशींच्या, कर्करोगाची शक्यता धरावी लागते. इजिप्तमध्ये रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या शिस्टोसोमा कृमीमुळे हीच जात एकेकाळी सर्वांत जास्त दिसायची. आपल्याकडे तो कृमी जवळपास नाही, मात्र १९५२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात त्याची लागण नोंदली गेली होती. आफ्रिकेत नोकरी करून आलेल्या माणसानं ते डॉक्टरांना सांगावं. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या भागांतल्या ज्या तरुणांच्या रक्तात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा गुण आहे, त्यांच्या लघवीत रक्त आलं तर 'सिकलमुळे होतं' म्हणून सोडू नये, सोनोग्राफी करावी, कारण मूत्रपिंडाचा एक अतिशय विरळ आणि आक्रमक मेड्युलरी कर्करोग नेमका याच लोकांत दिसतो.

आणि एक गाठ अशी की जिच्याबद्दल सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. लघवी केल्यावर कुणाला छातीत धडधड, डोकं ठणकणं, घाम, भोवळ असं होत असेल आणि रक्तदाब वाढलेला असेल, तर दुर्बीण घालण्याआधी हे सर्जनना सांगायलाच हवं. मूत्राशयातला पॅरागँग्लिओमा रक्तदाब वाढवणारे द्रव सोडतो, त्याला नुसता धक्का लागला तरी टेबलावर रक्तदाब झेपावतो. आधी मेटानेफ्रिनची, म्हणजे त्या द्रवांपासून बनणाऱ्या पदार्थांची, तपासणी करून, औषधं देऊन मग शस्त्रक्रिया करतात. ही गाठ आम्हा पॅथॉलॉजिस्टनाही चकवते, कारण गाटा३ तिच्यातही रंगतो. एका रंगावर भिस्त ठेवली तर ती युरोथेलियल म्हणून खपून जाते.

वेळेचं काय? मूत्राशयाची मोठी शस्त्रक्रिया निदानानंतर साधारण १२ आठवड्यांपलीकडे लांबली तर निकाल बिघडतात, असं अभ्यासांतून दिसलेलं आहे. म्हणून दोन-तीन आठवड्यांत फेरतपासणी आणि कोलोनोस्कोपी उरकणं शक्य आहे आणि ते करावंच, पण 'अजून एक मत' करत दोन महिने घालवू नका. ब्लॉक आज मागायला लागा. कोलोनोस्कोपीची तारीख फेरतपासणीच्या निकालाची वाट न बघता घ्या. दोन्ही कामं बरोबर चालू शकतात. तोवर औषधं कुठली घ्यायची, आयुर्वेदिक काढे चालतील का, असं कुणी सुचवेल. जे काही घेताय ते आधी तुमच्या डॉक्टरांना दाखवा, विशेषतः मूत्रपिंडाला त्रास देणाऱ्या जडीबुटी.

सगळे रिपोर्ट आले की एक विनंती आग्रहानं करा: सर्जन, कर्करोगतज्ज्ञ, रेडिऑलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट यांनी एकत्र बसून केस बघावी. मोठ्या रुग्णालयांत याची ठरलेली बैठक असते. आणि अडेनोकार्सिनोमा युरेकसचाच ठरला, तर शस्त्रक्रियेच्या आधी सर्जनना विचारा की बेंबी आणि दोर एकसंध काढणार आहात का. या विषयातले सर्जन स्वतःहून 'हो' म्हणतील. नाही म्हणाले तर का नाही, ते समजून घ्या.

या दरम्यान बाबांना पुन्हा रक्त गेलं तर थोडं लालसर असताना पाणी भरपूर पिणं आणि शांत राहणं पुरतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना फोन करा. पण गुठळ्या यायला लागल्या, लघवी अडली, ओटीपोट फुगून दुखायला लागलं, किंवा चक्कर आली, तर सकाळ होण्याची वाट बघू नका, त्याच रात्री इमर्जन्सीमध्ये न्या आणि जाताना दोन्ही रिपोर्ट सोबत घ्या.